गाय अडते, तेव्हा दोष कुणाचा?

1970च्या दशकात नेब्रास्का, मोंटाना आणि अल्बर्टाच्या गुरेपालकांवर एक संकट कोसळले, आणि ते त्यांनी स्वतः पैसे मोजून घरात आणले होते. मांसासाठी पाळलेल्या त्यांच्या हेरफर्ड आणि अँगस गायी पिढ्यानपिढ्या उघड्या माळावर, माणसाचा हात न लागता विणाऱ्या. युरोपातल्या थोराड जातींच्या वळूंच्या रेताने त्या भरवल्या जाऊ लागल्या आणि फेब्रुवारी-मार्चच्या कडाक्याच्या थंडीत रात्री जागून काढण्याची पाळी आली. पहिलारू कालवड तासन्‌तास कळा देते, वासराचे पुढचे दोन खूर आणि नाकाचा शेंडा दिसतो, पण डोके पुढे सरकत नाही. मग खुराच्या वरच्या सांध्याला साखळीचे दोन वेढे घालायचे, एक सांध्याच्या वर आणि एक खाली, म्हणजे ओढ एकाच जागी पडून हाड मोडत नाही. कळ आली की ओढायचे, कळ ओसरली की थांबायचे. कधी खांदे सुटतात, पण वासराच्या पुठ्ठ्याची हाडे गायीच्या कमरेच्या हाडांत अडकून बसतात. तेव्हा वासराचे अंग थोडे फिरवून वाट करून द्यावी लागते. तेही जमले नाही तर गायीची कूस उघडायची, किंवा दोघांपैकी एकाचा जीव जाताना पाहायचे. या संकटाचे खापर बराच काळ परदेशी जातींवर फोडले गेले. पुढच्या 30 वर्षांतला पुरावा वेगळे सांगतो. गाय अडण्याचे कारण जातीपेक्षा निवडीच्या पद्धतीत होते. वळू विकत घेताना एकच गुण पाहिला जाई आणि त्याची किंमत ज्या कालवडीला मोजावी लागे, तिची नोंद कोणीच ठेवत नव्हते.

हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. 1930 ते 1950 या काळात अमेरिकेतल्या जनावरांच्या प्रदर्शनांत बुटक्या, गोलमटोल, लवकर चरबी धरणाऱ्या बैलांना आणि वळूंना बक्षिसे मिळत. माणसाच्या कमरपट्ट्याइतक्या उंचीचा वळू विजेता ठरे आणि सगळ्या देशाला त्याचीच वासरे हवी असत. या हव्यासात हेरफर्ड आणि अँगस जातींत खुजेपणाचा एक सुप्त जनुक पसरत गेला. एकच प्रत अंगात असलेले जनावर बांधेसूद आणि आटोपशीर दिसे, म्हणून ते पुन्हा पुन्हा निवडले जाई. आई आणि बाप दोघांकडून तो जनुक आला की जन्माला येई ते फुगलेल्या कपाळाचे, धापा टाकणारे, लवकर मरणारे वासरू. 1950च्या दशकात हे लपवता येईनासे झाले, तेव्हा नामांकित घराण्यांच्या वंशावळी रातोरात कवडीमोल ठरल्या. त्याच सुमारास बाजारही पालटला. स्वयंपाकात वनस्पती तेले आली, जनावराच्या चरबीची मागणी घटली, आणि 1965 साली अमेरिकी कृषी खात्याने चरबी कमी व मांस जास्त असलेल्या जनावराला वरचा दर्जा देणारी प्रतवारी सुरू केली. लहान चणीच्या जनावराला आता गिऱ्हाईक उरले नव्हते. त्यामुळे लंबक दुसऱ्या टोकाला गेला, आणि तोही तितक्याच वेगाने.

थोराड जनावरे युरोपात होती, पण लाळ्या-खुरकुताच्या धास्तीने अमेरिकेने तिथून गुरे आणण्यावर बंदी घातली होती. शारोले जातीची थोडी गुरे 1930च्या दशकात मेक्सिकोमार्गे टेक्ससमध्ये पोचली होती, पण 1946 साली मेक्सिकोत रोग आला आणि तीही वाट बंद झाली. मग कॅनडाने दार उघडले. सेंट लॉरेन्स नदीतल्या ग्रोस-ईल बेटावर 1965 साली गुरांसाठी विलगीकरण केंद्र सुरू झाले. याच बेटावर 1847 साली आयर्लंडच्या दुष्काळातून पळून आलेली हजारो माणसे तापाने दगावली होती. आता तिथे फ्रान्सची शारोले गुरे महिनोन्‌महिने तपासणीसाठी ठेवली जाऊ लागली. त्यांच्या पाठोपाठ सिमेंटल आली, लिमुझीन आली. अल्बर्टात आणलेल्या पॅरिझियन नावाच्या सिमेंटल वळूचे गोठवलेले रेत सीमा ओलांडून अमेरिकेत गेले आणि 1968 साली तिथे पहिले अर्धसिमेंटल वासरू जन्मले. गोठवलेल्या रेताचे तंत्र ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दीड-दोन दशके आधी साधले होते. त्यामुळे ज्या वळूचे पाऊलही आपल्या रानाला लागलेले नाही, त्याची शेकडो वासरे एका हंगामात आपल्या कळपात येऊ शकत होती. त्या वळूच्या वासरांना जन्म देणे गायीला सोपे जाते की अवघड, हे कळायच्या आधीच त्याचे रेत संपलेले असे. जोडीला आणखी एक बदल झाला होता. खर्च वाचावा म्हणून पहिले वेत तिसऱ्या वर्षाऐवजी दुसऱ्याच वर्षी घ्यायची पद्धत रूढ होत होती. म्हणजे वासरू मोठे झाले होते आणि आई लहान.

या गोंधळाचा हिशेब नेब्रास्कातल्या क्ले सेंटर इथे मांडला गेला. दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा दारूगोळा साठवण्यासाठी घेतलेली सुमारे 35,000 एकर जमीन 1964 साली मांसोत्पादनाच्या संशोधनाला देण्यात आली होती. कीथ ग्रेगरी, लॅरी कंडिफ, डॅन लास्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जातींची समोरासमोर तुलना करणारा प्रयोग उभारला. हेरफर्ड आणि अँगस गायी त्याच, चारा तोच, माळ तोच, फक्त वळू वेगवेगळ्या जातींचे: हेरफर्ड, अँगस, जर्सी, साउथ डेव्हन, लिमुझीन, सिमेंटल आणि शारोले. पहिल्या फेरीची वासरे 1970 ते 1972 या काळात जन्मली. प्रत्येक वेताची नोंद झाली आणि गाय आपली आपण व्याली की मदत लागली, हे अंकात लिहिले गेले. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कुठेही संदिग्धता नव्हती. वासराचे जन्मवजन एका किलोने वाढले की अडण्याचे प्रमाण सुमारे 2 टक्क्यांनी वाढत होते. दोन वर्षांच्या पहिलारूंना प्रौढ गायींपेक्षा कितीतरी पटींनी अधिक वेळा मदत लागत होती. अडलेल्या वेतातली वासरे पहिल्या काही दिवसांत दगावण्याचे प्रमाण सुखरूप जन्मलेल्यांच्या सुमारे चौपट होते. नुकसान तिथेच थांबतही नव्हते. अडून व्यालेल्या गायी पुढच्या हंगामात गाभण राहण्याचे प्रमाण साधारण 15-16 टक्क्यांनी कमी भरले. वासरू वाचले तरी पुढचे वासरू हातचे जात होते. थोराड वळूच्या वासरामागे मिळणाऱ्या जादा किलोंचा हिशेब करताना हा तोटा कोणी वजा केलेला नव्हता.

गुरेपालकांच्या मनात मात्र दोन उत्तरे आधीपासून तयार होती आणि दोन्ही विचारात घेण्याजोगी होती. पहिले असे की, गाभण कालवडीला शेवटच्या महिन्यांत चारा कमी द्यावा, म्हणजे वासरू लहान होईल. मोंटानातल्या माइल्स सिटी इथे रॉबर्ट बेलोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले. वासरांचे वजन थोडे घटले, पण अडणे त्या मानाने कमी झाले नाही. उलट हडकलेल्या कालवडी विल्यावर उशिरा माजावर आल्या. पोटाला चिमटा काढून जन्ममार्ग मोकळा होत नाही, हे त्या माळरानावरच्या प्रयोगाने दाखवून दिले. दुसरे उत्तर हाडांचे होते. कालवडीच्या कमरेच्या हाडांतली पोकळी आतून मोजायची आणि अरुंद असेल ती कळपातून काढायची. ही पोकळी मोजायचे उपकरण पशुवैद्यांच्या पेटीत आले आणि अजूनही आहे. फारच अरुंद कालवड वगळण्यासाठी त्याचा उपयोगही होतो. पण रुंद पोकळीच्या गायी अंगानेही मोठ्या असतात आणि त्यांची वासरेही मोठी होतात. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते. मापांच्या आकडेवारीतून कोणती गाय अडेल, याचे भाकीत लास्टर यांना फारसे करता आले नाही. वासराचे वजन हे त्याहून भक्कम कारण ठरले, आणि ते वजन बऱ्याच अंशी बापाकडून येत होते.

यातून निघालेला सोपा धडा असा की, कमी जन्मवजनाचा वळू निवडा. पुष्कळांनी तो तसाच घेतला आणि तिथे दुसरी चूक झाली. जन्मवजन आणि पुढची वाढ यांचे जनुक बऱ्याच अंशी सामाईक असतात. जन्मतः हलके वासरू बहुधा वर्षाचे झाल्यावरही हलकेच राहते. नुसते जन्मवजन कमी करत गेले की कळपाची चण लहान होते, कालवडी लहान होतात, त्यांच्या कमरेची पोकळीही आकसते. मग वासरू लहान असल्याने जन्माच्या वेळी मिळालेली सवलत पुढच्या पिढीत ते वासरूच आई झाले की गमावली जाते. म्हणून जन्माच्या वेळी हलका पण पुढे झपाट्याने वाढणारा वळू शोधायला हवा होता. असे वळू थोडे असतात, पण असतात. शिवाय वजन हा अडण्याचा केवळ एक अंदाज आहे. त्याच वजनाचे एक वासरू सरळ निसटते आणि दुसरे खांद्याशी अडकते, कारण बांधा वेगळा असतो. गर्भकाळाचे दिवसही महत्त्वाचे असतात. शेवटच्या आठवड्यात वासरू झपाट्याने वजन धरते, त्यामुळे जे वंश दोन-चार दिवस आधी वितात, त्यांना त्याचा फायदा मिळतो.

इथे आईचा वाटा समोर येतो, आणि या साऱ्या इतिहासातले माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग इथले आहेत. केंब्रिजमध्ये जॉन हॅमंड आणि आर्थर वॉल्टन यांनी 1938 साली दाखवले होते की, अवाढव्य शायर घोडी आणि चिमुकला शेटलंड घोडा यांचे शिंगरू, शेटलंड घोडी आणि शायर घोड्याच्या शिंगरापेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाचे असते. दोन्हींचे आनुवंशिक मिश्रण सारखेच, फरक फक्त कुशीचा. गुरांत याचा सर्वांत ठळक दाखला ब्राह्मन जातीने दिला. ही अमेरिकी जात भारतातल्या ओंगोल, गीर, कांक्रेज आणि कृष्णा खोऱ्याच्या गुरांपासून घडली. सांगली, कोल्हापूर, बेळगाव आणि विजापूर भागातल्या काळ्या चिकणमातीत औत ओढणाऱ्या कृष्णा खोऱ्याच्या गुरांचे रक्त असे टेक्ससच्या माळावर पोचले. ब्राह्मन वळू हेरफर्ड गायीला लावला की वासरू भारी होते आणि गाय अडते. पण हेरफर्ड वळू ब्राह्मन गायीला लावला की वासरू बरेच हलके आणि वेत सोपे. क्ले सेंटरच्या 1970च्या दशकातल्या तिसऱ्या फेरीत ब्राह्मनबरोबर आपल्या पंजाबकडचा साहिवालही होता. दोघांच्या वासरांना जन्माच्या वेळी त्रास झाला, मात्र त्यांच्या संकरित लेकी स्वतः विल्या तेव्हा जवळजवळ अडल्याच नाहीत. 1991 साली कॅल्विन फेरेल यांनी याच केंद्रात भ्रूण बदलून पाहिले. शारोलेचा गर्भ ब्राह्मन गायीच्या कुशीत ठेवला, तर तो शारोले गायीच्या कुशीतल्यापेक्षा स्पष्टपणे लहान राहिला. ब्राह्मन गर्भ मात्र दोन्ही कुशींत जवळपास सारखाच वाढला. झेबू, म्हणजे ब्राह्मनसारखी वशिंडाची गाय, आपल्या गर्भाची वाढ आवरते. ऊन, दुष्काळ आणि तुटपुंजा चारा यांतून टिकलेल्या जनावराच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे.

त्यामुळे वेत सुलभ होणे हा एका जनावराचा गुण नाही, दोघांचा आहे. वासरू किती सहज जन्मते, हा एक भाग. ती गाय किती सहज विते, हा दुसरा. एकच वळू पहिल्या बाबतीत चांगला आणि दुसऱ्या बाबतीत वाईट असू शकतो. त्याची वासरे सहज जन्मतील, पण त्याच्या लेकी अडतील. हे दोन्ही वेगळे काढायचे, तर हजारो कळपांतल्या लाखो वेतांच्या नोंदी लागतात. 1968 साली स्थापन झालेल्या बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशनने नोंदींची एकसारखी पद्धत रुजवली. आपली आपण व्याली तर 1, थोडी मदत लागली तर 2, यंत्राने जोर लावून ओढावे लागले तर 3, शस्त्रक्रिया केली तर 4, वासरू आडवे किंवा उलटे आले तर 5. साधा अंक आणि गोठ्यातल्या वहीत पेन्सिलने लिहिता येणारा. पण गणिताच्या दृष्टीने हा अंक अडचणीचा होता, कारण 1 आणि 2 मधले अंतर 2 आणि 3 मधल्या अंतराइतकेच असते असे नाही, आणि प्रौढ गायींपैकी बहुतेकींच्या नावापुढे 1 च असतो. या अंकांच्या मागे एक न दिसणारी सलग मोजपट्टी आहे आणि तिच्यावर काही उंबरे ओलांडले की अंक बदलतो, ही कल्पना स्युअल राइट यांनी 1934 साली गिनीपिगच्या बोटांवरून मांडली होती. डॅनियल जियानोला आणि झाँ-लुई फुले यांनी 1983 साली तिच्यावर आधारलेली वळूंच्या मूल्यमापनाची पद्धत दिली. 1980च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात रिचर्ड क्वास आणि जॉन पोलक यांनी ती सिमेंटल गायींच्या वेतांना लावून पाहिली. ज्या जातीवर सर्वाधिक आरोप झाले, तिच्याच पैदासकारांच्या नोंदी या उत्तराच्या पायाशी होत्या, हे नमूद करायला हवे. त्यांच्या संघाने 1971 सालीच वळूंची राष्ट्रीय सूची छापली होती.

या पद्धतीने वळूच्या नावापुढे जो आकडा येतो, त्याचा अर्थ कुणालाही कळावा असा आहे. एका वळूचा आकडा 10 आणि दुसऱ्याचा 2 असेल, तर पहिल्यापासून भरवलेल्या पहिलारूंपैकी सरासरीने 8 टक्के जास्त कालवडी मदतीविना वितील. आक्षेप असा घेतला जाई की, या गुणाची आनुवंशिकता फारच कमी आहे, बराचसा फरक चारा, हवामान आणि नशिबाचा, मग निवड करून काय साधणार? याचे उत्तरही क्ले सेंटरनेच दिले. 1990च्या दशकात तिथे सात गटांमध्ये गॅरी बेनेट यांनी पहिलारूंचे वेत सोपे व्हावे या हेतूने निवड केली, मात्र वर्षाच्या वयाचे वजन घसरू नये अशी अट ठेवली. प्रत्येक गटाशेजारी तुलनेसाठी एक ओळ, म्हणजे वेगळी पैदास केलेला कळप, ठेवली, जिच्यात फक्त वाढीवर लक्ष होते. काही वर्षांतच निवडलेल्या ओळींत जन्मवजन घटले, मदतीची गरज बरीच कमी झाली आणि वर्षाचे वजन तुलनेच्या ओळींच्या बरोबरीने राहिले. आनुवंशिकता कमी असली तरी पुरेशा नोंदी आणि योग्य गणित यांच्या बळावर पालट घडतो, हे सिद्ध झाले.

याच काळात बेल्जियमने दुसरी वाट धरली होती. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांना खाटकाकडून दुहेरी स्नायूंच्या वासराला भरघोस दाम मिळे, म्हणून त्यांनी निळसर-पांढऱ्या बेल्जियन गुरांत तेवढाच गुण वाढवला. मांड्या आणि पुठ्ठे असे भरले की जन्ममार्गातून वासरू निघेना. लिएज आणि गेंट इथल्या पशुवैद्यांनी उभ्या गायीची डावी कूस बधिर करून शस्त्रक्रियेचे कौशल्य इतके सफाईदार केले की, ती नेहमीची बाब झाली आणि या जातीतली दहापैकी नऊहून अधिक वासरे सुरीनेच जन्मू लागली. यामागे एकच जनुक असल्याचे लिएजच्या रोजे आन्से यांनी आधीच दाखवले होते. 1997 साली मिशेल जॉर्ज यांच्या गटाने आणि इतर दोन गटांनी तो मायोस्टॅटिन असल्याचे ओळखले. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या या जनुकातली 11 अक्षरे बेल्जियन ब्लूमध्ये गळली आहेत. शस्त्रक्रिया सुरक्षित आणि परवडणारी असेल तर हरकत काय, असे कोणी विचारील. हरकत अशी की, सुरी हाताशी असली की निवडीचा दबावच संपतो. अडणाऱ्या आणि न अडणाऱ्या गायींत फरक राहत नाही आणि प्रत्येक पिढी शस्त्रक्रियेवर अधिक अवलंबून राहते. इटलीतल्या पीडमाँटचे उदाहरण शेजारी ठेवले की हे उघड होते. पीमाँतेझे जातीतही मायोस्टॅटिन बिघडलेलाच आहे, फक्त दोष दुसऱ्या जागी आहे. पण तिथल्या पैदासकार संघाने कारू इथल्या केंद्रात तरुण वळू तपासताना वासराचे सहज जन्मणे आणि लेकींचे सहज विणे हे दोन्ही निकष सुरुवातीपासून वजनाच्या बरोबरीने ठेवले. परिणामी ती वासरे जन्मतः सडपातळ असतात, मांसलपणा पुढे येतो, आणि बहुतेक गायी शस्त्रक्रियेविना वितात.

पुढे जनुकनकाशे आले. सहाव्या गुणसूत्रावर एनकॅपजी आणि एलकोआरएल या जनुकांभोवतीचा भाग अनेक जातींत जन्मवजनाशी आणि वेताच्या सुलभतेशी जोडलेला आढळला, पीमाँतेझेमध्येही. आता वळू लहान असतानाच त्याच्या केसांच्या मुळांवरून अंदाज बांधता येतो. पण तो अंदाज ज्या समीकरणातून येतो, ते समीकरण गोठ्यातल्या 1 ते 5 च्या अंकांवरच घडवलेले आहे. नोंद थांबली की काही पिढ्यांत नकाशाही जुना होतो.

परिणामांचा निवाडा करायला क्ले सेंटरने 1999 ते 2001 या वर्षांत जन्मलेल्या वासरांवर पहिल्या फेरीसारखीच तुलना पुन्हा केली. त्यात सिमेंटल, लिमुझीन, शारोले आणि गेल्बवी एका बाजूला, हेरफर्ड आणि अँगस दुसऱ्या बाजूला होते. तीस वर्षांपूर्वी जन्मवजनात आणि अडण्यात जी दरी होती, ती बरीच बुजली होती. जाती त्याच होत्या, नावे तीच होती. पैदासकार वळू निवडताना काय पाहतात, तेवढे बदलले होते. दोष जातीत होता, हे मत या आकड्यांपुढे टिकत नाही. याची किंमतही मोजली गेली. सहज वेताच्या लौकिकावर अँगसचे वर्चस्व इतके वाढले की, सिमेंटल आणि लिमुझीनचे पैदासकारही कळपात अँगसचे रक्त घालून काळी गुरे तयार करू लागले आणि जातींमधले वैविध्य काहीसे घटले. पण 1970च्या दशकातल्या त्या हिवाळ्यांशी तुलना करता हे नुकसान सोसण्याजोगे आहे.

हा सगळा इतिहास मांसाच्या गुरांचा असला, तरी त्याचा नियम दुधाच्या गायीलाही लागू पडतो. महाराष्ट्रात संकरित कालवडीला पहिल्यांदा भरवताना वळूच्या आईचे दूध सगळे विचारतात. त्याच्याबरोबर त्याची वासरे कितपत सहज जन्मतात आणि त्याच्या लेकी कितपत सहज वितात, हेही विचारावे. उत्तर मिळत नसेल, तर आपल्या गोठ्यातले प्रत्येक वेत एका अंकात लिहून ठेवायला सुरुवात करावी.